पॉवर मीटर आकडाच दाखवत नाही, काय करावं? (सातारा)

घाटातला_गडी

मंडळी, मदत पाहिजे. माझ्या सायकलला डाव्या क्रँकवर (पेडल जोडलेली दांडी) पॉवर मीटर आहे, पायाचा जोर वॅटमध्ये दाखवणारा. रविवारी कासला गेलो होतो, यवतेश्वरपर्यंत वॅटचे आकडे व्यवस्थित येत होते, पुढं पठारावर ते नेहमीचं धुकं आणि आडवा पाऊस लागला आणि परत येताना बघतो तर पॉवरच्या जागी काही नाही. वेग येतोय, हार्टरेट येतोय, जीपीएस चालू, फक्त पॉवर गायब. घरी येऊन सेल बदलला, सायकल कॉम्प्युटर बंद-चालू केला, सेन्सर डिलीट करून परत जोडायला गेलो तर आता सापडतच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच भरकटेल. त्यांना मेल टाकला तर उत्तर आलं, "कृपया सेल बदलून बघा". साताऱ्यात हे उघडून बघणारं कुणी माहितीये का, की पुण्यालाच न्यायला लागेल?

पंक्चरपंत

आकडा दिसत नाही म्हणून चढ सोपा झाला का? नाही ना? मग मीटर बिघडलाय, पाय ठीक आहेत. केस बंद.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीकर यात काय बोलणार लगा. आमच्याकडं चढ म्हणजे आयर्विन पूल, नाहीतर महापालिकेनं घातलेला स्पीडब्रेकर. वाचतोय.

वॅटवेडी

गडी, बाकी सगळं राहू द्या, आधी एक सांगा. स्क्रीनवर नक्की काय दिसतंय, दोन आडव्या रेघा की शून्य? "काही नाही" यावरून काही कळत नाही.

रेघा असतील तर कॉम्प्युटरपर्यंत मीटरचा सिग्नलच येत नाहीये. म्हणजे सेल, सेलचे कॉन्टॅक्ट, ब्लूटूथची भानगड किंवा पेअरिंग, यातलं काहीतरी. शून्य असेल तर मीटर जिवंत आहे, पण त्याला एक तर जोर कळत नाहीये नाहीतर क्रँक फिरतोय हे कळत नाहीये. मीटर वॅट असे थेट मोजत नाही. तो टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) मोजतो आणि त्याला फिरण्याच्या वेगानं गुणतो. ४० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ९० केडन्स (मिनिटाला क्रँकचे फेरे) म्हणजे साधारण ३७७ वॅट. केडन्स शून्य आला की मग पेडल मोडेपर्यंत दाबा, गुणाकार शून्यच येणार. बऱ्याच लोकांना वाटतं मीटर मेला, आणि असतो फक्त केडन्सचा घोळ. जुन्या स्पायडरवाल्या (क्रँकच्या मधल्या चांदणीत बसणाऱ्या) मीटरांना फ्रेमवर एक लोहचुंबक चिकटवायला लागायचा, तो घाटात कुठंतरी पडला की पॉवर गेली. तुमच्यात बहुतेक ॲक्सिलरोमीटर (हालचाल ओळखणारा सेन्सर) असेल, तरी बघून घ्या.

रेघा का शून्य ते सांगा, मग पुढं बोलू.

घाटातला_गडी

@वॅटवेडी रेघा. आणि क्रँक फिरवल्यावर एक बारीक हिरवा दिवा लागायचा तोही लागत नाही.

कराडचा_पेडलर

फोन बघा आधी!! माझं असंच झालेलं, पाचवड फाट्यावर अर्धा तास डोकं खाल्लं. कंपनीचं ॲप फोनमध्ये मागं चालू होतं आणि त्यानं मीटरला ब्लूटूथवर धरून ठेवलेलं. ब्लूटूथवर बरेच मीटर एका वेळी एकालाच भाव देतात, फोननं पकडला की कॉम्प्युटर बोंबलत बसतो. अँट प्लसला (सायकल सेन्सरची दुसरी वायरलेस पद्धत) तसं नाही, तिथं तो सगळ्यांना ओरडून सांगतो, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. म्हणून कॉम्प्युटरला अँट प्लसवर जोडा आणि राइडला निघताना फोनमधलं ॲप पूर्ण बंद करा. घरी ट्रेनर असेल तर लॅपटॉप पण बघा, तो पण लपून बसलेला असतो.

वॅटवेडी

पेडलर, मुद्दा बरोबर आहे पण इथं लागू नाही. फोननं पकडला असता तर दिवा लागला असता. दिवाच लागत नाही म्हणजे आत वीज पोचत नाहीये.

निवांत

सेल कुठला घातलाय? हल्ली पोरांनी गिळू नये म्हणून काही बटन सेलवर कडू लेप देतात. त्या लेपामुळं काही यंत्रांत कॉन्टॅक्टच होत नाही. आमच्या गाडीच्या किल्लीत हेच झालं, नवा सेल घातला आणि किल्ली मेली, जुना घातला तर चालली. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सेल दोन्ही बाजूंनी पुसा आणि परत घाला.

आणि दुकानात पडून असलेला सेल नवा असतोच असं नाही. मल्टिमीटरनं बघितलं तर सीआर २०३२ (हाच बटन सेल) तीन व्होल्ट दाखवेल, मेलेला असला तरी. नुसत्या मल्टिमीटरवर त्याची अब्रू झाकलेली राहते. एक किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावून मोजा, ताजा सेल पावणेतीनच्या वर टिकतो, मेलेला धपकन खाली येतो.

पंक्चरपंत

@निवांत चाखून बघितलात का कडू आहे ते?

निवांत

पंत, तुम्हाला पाठवून देतो एक पाकीट. कंदी पेढ्याच्या बॉक्समध्ये घालून.

काटेवाला

मी ऊस कारखान्यांचे वजनकाटे दुरुस्त करतो, सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत फिरतो. सायकल चालवत नाही (पोट बघितलं तर कळेल), पण हे यंत्र माझ्या धंद्यातलंच आहे म्हणून लिहितो.

तुमच्या क्रँकला आतून जे चिकटवलंय ते स्ट्रेन गेज. उसाची ट्रॉली ज्या काट्यावर चढते त्याच्या लोड सेलमध्ये पण तेच असतं. बारीक पत्र्यासारखी नागमोडी तार, धातूवर चिकटवलेली. धातूवर ताण आला की धातू किंचित लांबतो, तार लांबते, तिचा रोध बदलतो. बदल किती, तर हजारात एखादा भाग. साडेतीनशे ओहमच्या गेजमध्ये एक ओहमसुद्धा बदल होत नाही. इतका बारीक बदल पकडायला गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये (चार रोधांचा चौकोन) जोडतात आणि मग त्यातून मिलिव्होल्ट वाचतात. आता सांगा, अशा ठिकाणी एक थेंब पाणी घुसलं, त्यातून बारीकशी वीज इकडून तिकडं गळायला लागली, तर काय वाचणार तो? पावसाळ्यात आमचे काटे असेच येडे होतात. रिकामा काटा शून्यावर थांबतच नाही, आकडा आपला हिंडत राहतो.

तुमच्या केसमध्ये दिवाच नाही म्हणजे अजून तिथवर जायला नको. सेलच्या कप्प्यातले कॉन्टॅक्टचे पत्रे बघा. एक खाली असतो, एक बाजूला. सेल घालताना बाजूचा पत्रा दबतो आणि दबून राहतो. त्यात ओल आली की हिरवा गंज धरतो. भिंग लावून बघा, नुसत्या डोळ्यांनी सगळं चकाचक दिसतं.

कृष्णाकाठ

काटेवाले, बरे सापडलात. आमच्या उसाचं वजन घरच्या अंदाजापेक्षा कमी भरतं ते ओलीमुळं का? 😄

काटेवाला

ओल असली की आकडा दोन्हीकडं हिंडतो. एकाच बाजूला हिंडत असेल तर ती ओल नव्हे. यापुढं मी बोलणार नाही, मला धंदा करायचाय.

कृष्णाकाठ

😂😂 समजलं, समजलं.

जुनी_हर्क्युलस

वाचून हसू येतंय, राग मानू नका. आम्ही मेढ्याहून साताऱ्याला सायकलवर दोन कॅन दूध आणायचो, तेव्हा पॉवर मीटर नव्हता, गियर नव्हता, ब्रेकसुद्धा असला तर असला. पाच आकडी रक्कम घालून पायात किती जोर आहे हे विचारायचं, आणि ते यंत्र पावसात गप्प बसतं! मला खरंच समजून घ्यायचंय, यानं होतं काय?

वॅटवेडी

काका, प्रश्न रास्त आहे. वेगावरून काही कळत नाही कारण वारा, चढ, रस्ता सगळं त्यात येतं. हार्टरेट उशिरा चढतो, शिवाय झोप, चहा, ऊन यावर हलतो. वॅट म्हणजे त्या क्षणी पायानं काय दिलं तेवढंच. माझ्यासारखीला घाटात याचा उपयोग होतो. समर्थ मंदिरापासून वर निघाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळे अंगात आल्यासारखे चढतात आणि पुढच्या वळणांवर फोटो काढायच्या निमित्तानं थांबतात. आकडा समोर असला की मी माझ्या मर्यादेत राहते, वर त्या सगळ्यांना गाठते. एवढंच. १९८६ साली जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी एसआरएम काढला तेव्हा ते यंत्र मोठ्या रेसर लोकांपुरतं होतं, आता आपल्यापर्यंत आलंय.

तुमच्या दुधाच्या कॅनसकट हिशोब मात्र मला करायला आवडेल, तुमचे वॅट आमच्यापेक्षा जास्त निघतील.

डावा_गुडघा

तुम्ही सगळे डाव्या क्रँकचं कौतुक करताय म्हणून सांगतो. तो मीटर फक्त डावा पाय मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा पाय कामचुकार आहे, उजवा सगळं ओढतो. मीटर म्हणतो मी आजारी आहे. पैसे वाया.

कराडचा_पेडलर

@डावा_गुडघा तुमच्यासाठी वाया, मान्य. पण दोन्ही पाय धड असतील तर काय फरक पडतो? मागच्या महिन्यात १८० होते आणि आता १९५ आहेत एवढं कळलं की झालं. खरा आकडा १९० का २०० याच्याशी मला काय करायचंय, मी काय टूर द फ्रान्सला चाललोय का?

डावा_गुडघा

फरक पडतो. दमल्यावर माणूस एका पायावर जास्त भार टाकतो, दम वाढला की चूक पण वाढते. त्याच मीटरशी तुलना केली तरी राइडच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा एका मापाचा राहत नाही. असो, विषय गडींच्या मीटरचा आहे.

घाटातला_गडी

अपडेट. राजवाड्याजवळ एक घड्याळवाले काका बसतात, त्यांच्याकडं क्रँक काढून नेला. आधी म्हणाले, "हे कुठल्या घड्याळाचं?" मग डोळ्याला भिंग लावलं आणि गप्प झाले. बाजूचा पत्रा पार खाली बसलेला आणि त्याच्या बुडाशी मोराच्या रंगाची एक रेघ, नखाएवढी पण नाही. काकांनी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं ती काढली, टोकदार चिमट्यानं पत्रा केसभर वर उचलला, सेल पुसून घातला, क्रँक हातात गरागरा फिरवला. हिरवा दिवा लागला!! पैसे घेत नव्हते, म्हणाले हे काय काम आहे. बळंच चहा पाजला.

पण गोष्ट संपली नाही. घरी येऊन जोडला तर लगेच सापडला, रेघा गेल्या, आता तिथं ० येतोय. केडन्स येतोय, ८०-८५ वगैरे बरोबर दिसतोय. पॉवर मात्र ढिम्म शून्य. झिरो ऑफसेट (भार नसताना मीटरला शून्य ठरवून देणं) करायला गेलो तर "अयशस्वी".

वॅटवेडी

म्हणजे केडन्सचा प्रश्न मिटला, टॉर्कचा राहिला. झिरो ऑफसेट करताना क्रँक सरळ खाली, साडेसहाच्या काट्यासारखा, पेडलवर पाय नाही, सायकल उभी आणि हलवायची नाही. हे सगळं पाळूनही अयशस्वी येत असेल तर ब्रिजच मापाबाहेर गेलाय. काटेवाले, तुमचं काम आलं.

पंक्चरपंत

साडेसहाला दोन काटे असतात ताई. क्रँक पण दोन असतात म्हणा.

निवांत

तांदळाच्या डब्यात ठेवा दोन दिवस. मोबाइल पाण्यात पडला की आमच्याकडं हेच करतात.

काटेवाला

तांदूळ नको हो! तांदूळ काही ओढत नाही, उलट त्याची पूड त्या कॉन्टॅक्टवर बसते, वर ओल, म्हणजे आत लापशी. हेअर ड्रायर पण नको, गेज ज्या गोंदानं चिकटवलाय तो तापला की गेज धातूबरोबर नीट ताणला जात नाही, मग कायमचं गेलं. उन्हात पण ठेवू नका.

सेल काढा, कप्प्याचं झाकण काढून ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका (चपलांच्या, पर्सच्या खोक्यात मिळतात त्या, आधी मंद गरम करून घ्या म्हणजे त्यांची ओल जाते) आणि त्यात क्रँक ठेवा. घाई करू नका. आमच्या काट्यांच्या जंक्शन बॉक्सला पण हाच उपाय. आत सर्किटमध्ये पाणी शिरून गंज धरला असेल तर मात्र काही होणार नाही, पण नुसती ओल असेल तर परत येतो.

घाटातला_गडी

दरम्यान कंपनीचं दुसरं उत्तर आलं. "पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही." अरे पण खोक्यावर आयपीएक्स ७ छापलंय ना तुम्हीच!

कराडचा_पेडलर

आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर स्थिर पाण्यात ३० मिनिटं. ती चाचणी नव्या पीसची असते. तुमचा पीस सेल बदलून बदलून झाकण उघडलेला, त्यातली ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) म्हातारी. शिवाय प्रेशरच्या पाण्याला ७ नंबर काही बोलतच नाही. सायकल वॉशिंग सेंटरला धुता का?

घाटातला_गडी

घरीच बादलीनं. पण कास रोडला वरून पडतं तसं खालून पण उडतं, मागच्या चाकाचं सगळं पाणी क्रँकवर.

डावा_गुडघा

कंपनीला सोडू नका. "पाणी वॉरंटीत नाही" आणि "वॉटरप्रूफ" ही दोन वाक्यं एकाच खोक्यावर चालत नाहीत. खोक्याचा फोटो, बिल, आणि "झाकण कधीही टूलनं उघडलेलं नाही" असं लिहून पाठवा. एकदा नाही म्हणतात, तिसऱ्यांदा वेगळा माणूस उत्तर देतो.

कृष्णाकाठ

गुडघे, तुम्ही ग्राहक मंचात पाहिजे होता राव. रविवारी सांगलीला या, भडंग माझ्याकडून.

घाटातला_गडी

काटेवाले, तुम्ही सांगितलं तसं केलं. आज सेल घातला, झिरो ऑफसेट झाला!! संध्याकाळी पोवई नाक्यापासून चक्कर मारली, आकडे येतायत. पण खरे आहेत का ते कसं कळणार? आधीपेक्षा जरा कमी वाटतायत. मीच कमी झालोय का मीटर?

काटेवाला

काटा तपासतात तसाच तपासायचा, माहीत असलेलं वजन लटकवून. १० किलोची जिमची प्लेट घ्या, किराणावाल्याच्या काट्यावर एकदा तोलून. मागचा ब्रेक घट्ट बांधा, डावा क्रँक पुढं आडवा, जमिनीला समांतर, आणि पेडलच्या दांड्यावर प्लेट टांगा. क्रँक १७० मिलिमीटरचा असेल तर १० × ९.८१ × ०.१७, म्हणजे १६.७ न्यूटन-मीटर आला पाहिजे. ॲपमध्ये टॉर्क दिसत असेल तिथं वाचा. प्लेट काढल्यावर परत शून्यावर येतोय का ते जास्त महत्त्वाचं.

वॅटवेडी

आणि रस्त्यावर बघायचं असेल तर घाट आहेच. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ८० किलो आणि ३०० मीटर उंची २० मिनिटांत चढलात तर नुसतं वजन वर न्यायलाच ८० × ९.८१ × ३०० भागिले १२००, म्हणजे १९६ वॅट लागतात. टायरचं घर्षण आणि हवा धरून मीटरनं त्याच्या थोडं वर दाखवायला पाहिजे. खाली दाखवत असेल तर मीटर खोटं बोलतोय. वारा पाठीशी नसलेला दिवस निवडा.

अजून एक, निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून परत झिरो ऑफसेट करा. घरातून बाहेर आल्यावर क्रँक थंड होतो, धातू आकसतो, शून्य सरकतं. पहाटे यवतेश्वरला आणि दुपारी खाली साताऱ्यात एकच शून्य चालत नाही.

घाटातला_गडी

प्लेट टांगली. १६.४ आलं, काढल्यावर शून्य. चालेल का?

काटेवाला

दोन टक्क्यांच्या आत आहे. कारखान्यानं एवढा काटा दिला तर शेतकरी पेढे वाटेल. चालवा.

कृष्णाकाठ

हे तुम्ही बोललात हां, मी नाही.

तळ्याकाठी

उशिरा लिहितेय, धागा आज वाचला. माझ्या मैत्रिणीला पण रेघा येत होत्या आणि मीटर एकदम ठणठणीत होता. ग्रुप राइडला पसरणी घाटात तिच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्याच कुणाचा मीटर पकडला होता, तो माणूस पुढं निघून गेला की रेघा. आणि तो जवळ असला की हिला तीनशे वॅट, ही खूश! प्रत्येक मीटरचा अँट प्लस नंबर असतो, क्रँकच्या आतल्या बाजूला किंवा खोक्यावर छापलेला, तो कॉम्प्युटरमधल्या नंबरशी जुळतोय का बघा. जोडणी घरी एकटं असताना करावी, पार्किंगमध्ये दहा सायकली उभ्या असताना नाही.

पंक्चरपंत

त्या तीनशेवाल्याचा नंबर मिळेल का, मला पण जोडायचाय.

घाटातला_गडी

ओ-रिंग बदलायचीय, कंपनी म्हणते अख्खं झाकण घ्या आणि ते पण परदेशातून येणार. इथं मिळेल का कुठं?

काटेवाला

एमआयडीसीत ऑइल सील-बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात. जुनी रिंग बरोबर न्या, पण ती ताणलेली असणार म्हणून तिच्यावर माप घेऊ नका, झाकणाच्या खाचेचा व्यास आणि खोली व्हर्नियरनं मोजून न्या. नायट्राइलची घ्या. बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, सायकलच्या चेनचं ग्रीस लावू नका. आणि तिथून दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.